सोळापैकी दोन

सोमवार, 17 मे 2021 रोजी मुंबईचा सूर्यास्त संध्याकाळी 7 वाजून 5 मिनिटांच्या सुमारास होता. ढगांमुळे तो कोणाला दिसला नाही. त्या संध्याकाळी मुंबईच्या नैऋत्येला सुमारे 70 किलोमीटरवर, हिरा तेलक्षेत्रात, ‘पी-305’ नावाचा बार्ज बुडाला. बार्जवर 261 माणसं होती.

शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीच्या पाच दिवसांचा हा हिशेब.

गुरुवार, 13 मे. सकाळ.

लक्षद्वीपच्या आसपास, अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची नोंद हवामान खात्याने केली. वादळाची कुणकुण त्याच्याही आधी लागली होती. बार्जवरचा मुख्य अभियंता नंतर सांगणार होता की इशारा आठवडाभर आधी आला होता.

मे महिना म्हणजे कोळ्यांच्या हंगामाचा शेवट. 1 जूनपासून महाराष्ट्रात 61 दिवस मासेमारी बंद असते. बंदीच्या आधी चार फेऱ्या जास्त मारायच्या, माल सुकवायचा, उधारी फेडायची, असे ते दिवस. समुद्र सोडणं कोणालाच परवडत नाही.

बंदीत होडी किनाऱ्यावर ओढली की पहिलं काम गळती शोधायचं. लाकडी होडीत पाणी फळ्यांच्या सांध्यांतून येतं, आणि ज्या जागी ते साचलेलं दिसतं त्या जागी ते शिरलेलं असतंच असं नाही. नाळेकडून शिरतं, फळीच्या आतून वाहत जातं आणि इंजिनापाशी दिसतं. म्हणून आधी होडी कोरडी करतात. मग कुठली फट आधी ओलावते ते पाहतात. तिथे कापसाची वात ठासतात आणि वरून तेलात कढवलेली राळ फासतात. हे काम जमिनीवर होतं. समुद्रात फक्त उपसणं होतं.

लोखंडी बार्जला सांधे नसतात, वेल्डिंग असतं. बाकी गणित तेच.

शुक्रवार, 14 मे. सकाळी 8.30.

कमी दाबाच्या क्षेत्राचं डिप्रेशन झालं. खात्याच्या पत्रकात पुढचा मार्ग होता: उत्तरेकडे, किनाऱ्याला जवळजवळ समांतर, गुजरातच्या दिशेने. या मार्गावर केरळ, कर्नाटक, गोवा, कोकण, मुंबई हे सगळं येतं. मुंबईसमोरची तेलक्षेत्रंही येतात.

त्या दिवशी अक्षय तृतीया होती आणि रमजान ईदही. राज्यात कोविडची टाळेबंदी होती. बुलढाण्यात आमच्याकडे आखाजीचं आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं. वादळ ही आमच्यासाठी टीव्हीच्या खालच्या पट्टीवरून सरकणारी बातमी होती. आमचा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा वाटलेला. खारं पाणी काय ते लोणारच्या विवरात, आणि तिथल्या पाण्याला भरती-ओहोटी नाही. समुद्राचा इशारा किती तास आधी ऐकला तर उपयोगाचा, हे समजायला आम्हाला पुढचे काही दिवस लागले.

शुक्रवार, दिवसभर.

‘पी-305’ हा राहण्याचा बार्ज होता. तेलक्षेत्रातल्या प्लॅटफॉर्मवर वेल्डर, फिटर, रंगारी, विजेचे कामगार दिवसभर काम करतात. रात्री झोपायला, जेवायला त्यांना जागा लागते. ती जागा म्हणजे सपाट तळाचा लोखंडी बार्ज, त्यावर मजल्यांच्या खोल्या, स्वयंपाकघर, क्रेन. काम ओएनजीसीचं होतं, कंत्राट अॅफकॉन्सकडे होतं, आणि बार्ज तिसऱ्याच कंपनीचा, भाड्याने घेतलेला. बार्जला स्वतःचं इंजिन नव्हतं. हलायचं तर ओढायला टग बोलवावा लागे.

असा बार्ज समुद्रात एका जागी उभा राहतो तो नांगरांवर. चारी बाजूंना नांगर टाकलेले असतात, प्रत्येकाची जाड तार बार्जवरच्या विंचला गुंडाळलेली. तारा कमी-जास्त ताणून बार्ज प्लॅटफॉर्मजवळ आणतात किंवा लांब नेतात. जागा सोडायची तर टगने एकेक नांगर उचलायचा, आणि मग बार्ज ओढत बंदराकडे न्यायचा. हे काम शांत समुद्रात होतं. लाटा वाढल्या की टगवरची माणसंच धोक्यात येतात, त्यामुळे हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. उशिरा घेतलेला निर्णय अमलात आणता येत नाही.

या दिवशी परिसरातली जहाजं एकामागून एक मुंबई बंदराकडे निघाली. ओएनजीसीने नंतर सांगितलं की त्यांच्या कामावर 99 जहाजं होती आणि त्यांपैकी 94 सुरक्षित जागी गेली.

उरलेल्या पाचांत ‘पी-305’ होता.

शुक्रवार, मध्यरात्रीच्या सुमारास.

डिप्रेशनचं चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं: तौक्ते. हे नाव म्यानमारने सुचवलेलं, अर्थ एक आवाज करणारी पाल. 15 तारीख लागायला आली होती.

शनिवार, 15 मे.

बार्ज प्लॅटफॉर्मपासून सुमारे 200 मीटर लांब नेण्यात आला आणि तिथेच थांबवण्यात आला. सुरक्षित बंदर म्हणजे मुंबई, 70 किलोमीटरवर. त्याऐवजी 200 मीटर.

हा निर्णय ज्या आकड्यावर घेतला तो आकडा पुढे दोन तऱ्हांनी सांगितला गेला. कंत्राटदार कंपनीच्या निवेदनात होतं की कामाच्या जागी जास्तीत जास्त 40 नॉटचा वारा अपेक्षित होता. मुख्य अभियंत्याने सांगितलं की आपण कॅप्टनला बंदरात जाऊ म्हणालो, तेव्हा कॅप्टनने उत्तर दिलं की वारा ताशी 40 किलोमीटरच्या वर जाणार नाही आणि वादळ एक-दोन तासांत मुंबई ओलांडेल. 40 नॉट म्हणजे ताशी 74 किलोमीटर. एकच आकडा, दोन एककं, आणि मधला फरक 34 किलोमीटरचा. प्रत्यक्षात आलेला वारा दोन्ही आकड्यांच्या वर होता.

जहाज कुठे न्यायचं आणि कुठे थांबवायचं, हा अधिकार आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कॅप्टनचा असतो. जहाजाचा मालक किंवा भाडेकरू त्याला सुरक्षिततेच्या निर्णयापासून अडवू शकत नाही. हा नियम पुढच्या आठवड्यात पुष्कळांनी उद्धृत केला. बार्जला इंजिन नव्हतं, टग दुसऱ्याचा होता आणि कामाचं वेळापत्रक तिसऱ्याचं, हे त्या मानाने कमी जणांनी सांगितलं.

शनिवार, रात्र.

मुंबई महापालिकेने वांद्रे-कुर्ला संकुल, दहिसर आणि मुलुंड इथल्या तात्पुरत्या कोविड केंद्रांतून 580 रुग्ण पक्क्या इमारतींतल्या रुग्णालयांत हलवले. त्यांतले काही अतिदक्षता विभागातले होते. ऑक्सिजनवरची माणसं अॅम्ब्युलन्समध्ये चढवायची, उतरवायची, पुन्हा जोडायची. कापडी छपराला वारा सोसणार नाही एवढं एकच गृहीत धरून हे काम झालं. वादळ तेव्हा दीड दिवस लांब होतं.

रविवार, 16 मे. पहाटे.

तौक्ते ‘अति तीव्र’ झालं. रविवारच्या दिवसात ते गोव्यासमोरून गेलं. गोव्यात झाडं पडली, वीज गेली, दोघांचा जीव गेला. म्हणजे मुंबईच्या दक्षिणेला चारशे-साडेचारशे किलोमीटरवर वारा काय करतो, याचा चाललेला नमुना दिवसभर टीव्हीवर होता.

रविवार, दुपार.

ससून डॉक, मोरा, वर्सोवा, सातपाटी. होड्या परतल्या होत्या. तटरक्षक दलाची जहाजं आणि विमानं आधीचे दोन दिवस समुद्रातल्या नौकांना माघारी फिरण्याच्या सूचना देत होती. सरकारी आकड्यानुसार महाराष्ट्राच्या 4,526 आणि गुजरातच्या 2,258 मासेमारी होड्या किनाऱ्याला आल्या.

हा आकडा मला या सगळ्या घटनाक्रमात महत्त्वाचा वाटतो. साडेचार हजार तांडेलांनी, प्रत्येकाने आपापल्या डिझेलचा आणि बर्फाचा हिशेब बुडीत धरून, जाळी आत ओढली आणि होडी वळवली. त्यांच्याकडे हवामानाचं खासगी पत्रक नव्हतं. व्हॉट्सअॅपवरचा निरोप, वायरलेस, आणि नाखवाचा फोन.

रविवार, संध्याकाळ.

हिरा क्षेत्रात वारा वाढला. रात्री उशिरा समुद्र बिघडला. या घडीला बंदरात जायचा पर्याय उरला नव्हता. तो कोणी रद्द केला नाही, तो आपोआप संपला होता.

रविवार आणि सोमवारच्या मधली रात्र.

नांगर तुटू लागले.

समजा आठ तारा आहेत. त्यांपैकी एक तुटली की तिचा भार उरलेल्या सातांवर जातो. तोही सारखा वाटून जात नाही, कारण वारा एका दिशेने येत असतो. वाऱ्याकडच्या बाजूच्या दोन-तीन तारा खरा भार घेतात, बाकीच्या सैल असतात. म्हणून दुसरी तार पहिलीपेक्षा लवकर तुटते आणि तिसरी दुसरीपेक्षा. मुख्य अभियंत्याच्या सांगण्यानुसार पाच नांगर गेले.

नांगर गेले तसा बार्ज वाऱ्यावर वाहू लागला. इंजिन नसलेली, 261 माणसांची इमारत, रात्री, तेलाच्या प्लॅटफॉर्मांच्या मध्ये. शुक्रवारी प्लॅटफॉर्म ही कामाची जागा होती. आता अंधारातला तोच लोखंडी खांब धोक्याचा होता.

सोमवार, 17 मे. पहाटे.

वादळ ‘अत्यंत तीव्र’ झालं आणि मुंबईच्या समोर आलं. केंद्राजवळचा वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे. बार्जवरून मदतीचे निरोप गेले.

त्याच पट्ट्यात आणखी जहाजं संकटात होती. ‘गाल कन्स्ट्रक्टर’ या बार्जवर 137 माणसं होती, ‘सागर भूषण’ या खोदकामाच्या जहाजावर 101, आणि ‘सपोर्ट स्टेशन-3’ या बार्जवरही मोठा ताफा. ‘वरप्रदा’ नावाच्या टगवर 13 जण होते. सगळ्यांचे निरोप एकाच सकाळी आले.

सोमवार, सकाळ.

नौदलाने आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या विनाशिका पाठवल्या. विनाशिका म्हणजे सात हजार टनांच्या वरचं जहाज, शांत समुद्रात ताशी 50 किलोमीटरच्या पुढे जाणारं. त्या दिवशी लाटा 6 ते 8 मीटरच्या होत्या, म्हणजे दुमजली घराएवढ्या. 70 किलोमीटर हे अंतर मुंबईहून लोणावळ्याला जाण्याइतकंही नाही. ते कापायला दिवसाचा मोठा भाग गेला.

सकाळी 11 वाजता.

मुंबई विमानतळ बंद झाला. आधी दुपारी 2 पर्यंत, मग 4, मग 6, मग रात्रीपर्यंत अशी मुदत वाढत गेली. वांद्रे-वरळी सागरी सेतू बंद झाला. ज्या हवेत हेलिकॉप्टर उडत नाही त्या हवेत बार्जवरची माणसं लाइफ जॅकेट घालून उभी होती.

दुपार.

कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 108 किलोमीटर नोंदला गेला. पुढे तो 114 सांगितला गेला. सांताक्रूझला 24 तासांत 230 मिलिमीटर पाऊस पडला. मे महिन्यात एवढा पाऊस मुंबईने पूर्वी पाहिला नव्हता.

दरम्यान, वाहत चाललेला बार्ज ओएनजीसीच्या एका निर्मनुष्य प्लॅटफॉर्मवर आदळला. बाजूच्या पत्र्याला भोक पडलं. डाव्या बाजूने पाणी आत यायला लागलं.

पाणी आत आल्यानंतर.

बार्जचा तळ एकसंध पोकळ नसतो. आत भिंती घालून त्याच्या टाक्या केलेल्या असतात. एक टाकी फुटली तरी बाकीच्या कोरड्या राहाव्यात, ही त्यामागची कल्पना. कुठल्या टाकीत किती पाणी आलंय हे कळायला डेकवरून खाली एक नळी गेलेली असते. तिच्यातून मोजपट्टी सोडायची, वर काढायची, ओली कुठवर ते पाहायचं. विहिरीत दोरीला दगड बांधून पाणी पाहतात तसं.

हे मोजायला डेकवर उभं राहता यावं लागतं. डेकवरून लाटा जात असताना नळीचं झाकण उघडलं तर मोजायचं ते पाणी तिथूनच आत जातं.

भोक बुजवायचे उपायही ठरलेले आहेत. लहान असेल तर लाकडी पाचर ठोकायची. मोठं असेल तर आतून गादी, फळी आणि टेकू. अगदीच आवाक्याबाहेर असेल तर बाहेरून ताडपत्री ओढून घ्यायची, पाण्याच्या दाबाने ती भोकावर चिकटते. सगळे उपाय जुने आहेत आणि सगळ्यांना एक गोष्ट लागते: भोकापर्यंत पोहोचणं. पाण्याखाली दोन मीटरवर हातभर व्यासाचं भोक असेल तर त्यातून मिनिटाला तीस-पस्तीस टन पाणी येतं. पंप त्याला पुरत नाहीत. पंपाला वीज लागते, आणि वीज देणारी यंत्रं खालच्याच मजल्यावर असतात.

बार्ज एका बाजूला कलला. कललं की वरच्या कडेची झाकणं, दारं, हवेच्या नळ्या पाण्याजवळ येतात. मग जिथे भोक नव्हतं तिथूनही पाणी शिरतं.

त्यानंतर.

बार्जच्या डाव्या बाजूला 16 फुगणारे जीवरक्षक तराफे होते.

असा तराफा पांढऱ्या डब्यात घडी घालून ठेवलेला असतो. डबा पाण्यात टाकायचा, दोरी जोरात ओढायची. आतल्या सिलिंडरमधला वायू सुटतो आणि मिनिटभरात छत असलेली रबराची खोली पाण्यावर उभी राहते. डबा एरवी कोणी उघडत नाही. रबर कुठे चिरलंय का, चिकटवलेला जोड सुटलाय का, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून नियम असा की वर्षातून एकदा डबा किनाऱ्यावर न्यायचा, उघडायचा, तराफा फुगवायचा आणि तासभर तरी तसाच ठेवून हवा किती उतरते ते मोजायचं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर पाण्याच्या बादलीत धरून बुडबुडे पाहतो, त्याचीच मोठी आवृत्ती. गळती इथे शोधायची असते, किनाऱ्यावर, कोरड्या फरशीवर.

मुख्य अभियंत्याने सांगितलं त्यानुसार दोन तराफे पाण्यात सोडता आले. बाकीचे 14 पंक्चर होते.

दुपारनंतर.

आयएनएस कोची जवळ आली तेव्हा बार्ज अजून पाण्यावर होता. जहाजावरच्या लोकांना तो दिसत होता, बार्जवरच्या लोकांना जहाज दिसत होतं. मधे फारसं अंतर नव्हतं. पण आठ मीटरच्या लाटेत सात हजार टनांचं जहाज कललेल्या बार्जला लावता येत नाही. लावलं तर बार्ज त्याच क्षणी फुटतो, आणि मधे पडलेली माणसं चिरडतात.

संध्याकाळी 5 च्या सुमारास.

लोकांनी पाण्यात उड्या घेतल्या. कोणी बार्जवरून पडले. पोहता न येणारेही बरेच होते. वेल्डरला पोहता यावं अशी अट कामावर घेताना नसते. अंगावर लाइफ जॅकेट होतं. जमेल तसे गट करून त्यांनी एकमेकांचे हात धरले. एकटा माणूस लाटेत दिसत नाही, दहा केशरी जॅकेटं दिसतात. काही गट रात्रभर टिकले. काहींचे हात सुटले.

त्यांच्या बाजूने एकच गोष्ट होती. मे महिन्यातला अरबी समुद्र कोमट असतो, 30 अंशांच्या आसपास. थंडीने माणूस मरत नाही. मरतो तो दमून, किंवा तोंडावर येणाऱ्या प्रत्येक लाटेतून थोडं थोडं पाणी आत जाऊन.

संध्याकाळ.

‘पी-305’ बुडाला.

रात्री 8 ते 11.

तौक्तेने गुजरातच्या किनाऱ्यावर, दीवच्या पूर्वेला, जमीन गाठली. मुंबईच्या वृत्तवाहिन्यांनी वादळ पुढे सरकल्याचं सांगितलं. झाडं किती पडली, गाड्या किती दबल्या, लोकल कधी सुरू होणार, ही मोजदाद चालू झाली.

हिरा क्षेत्रात समुद्र तसाच होता. जहाजांवरून दोर आणि जाळ्या खाली सोडल्या होत्या. शोधदिव्यांच्या झोतात जॅकेटची पट्टी चमकली की जहाज तिकडे वळवायचं. मदतीला तेलक्षेत्रात काम करणारी लहान जहाजंही आली होती. दमलेल्या माणसाला ओल्या दोरावरून सात-आठ मीटर वर चढायचं होतं, आणि जहाज दर लाटेला खालीवर होत होतं.

रात्री 11 पर्यंत 60 जण वर आले होते. 201 जण अजून पाण्यात किंवा पाण्याखाली होते.

मंगळवार, 18 मे. सकाळ.

उजाडलं. नौदलाची हेलिकॉप्टरं आणि टेहळणी विमान उडू शकलं. वाचलेल्यांचा आकडा 146 झाला, मग 177. काही जण अकरा, बारा, चौदा तास पाण्यात होते. अशा माणसाच्या डोळ्यांत मिठाने आग होते आणि जॅकेटच्या पट्ट्यांनी मानेची, काखेची कातडी सोललेली असते.

‘गाल कन्स्ट्रक्टर’ वाहत वाहत पालघरच्या वडराई किनाऱ्याजवळ वाळूत रुतला होता. त्यावरचे 137 जण वाचले. ‘सागर भूषण’ आणि ‘सपोर्ट स्टेशन-3’ वरचेही सगळे वाचले. ‘वरप्रदा’ टग बुडाला होता. 13 पैकी दोघे सापडले.

बुधवार, 19 मे.

आयएनएस कोची मुंबईच्या नौदल गोदीत लागली. डेकवर 125 वाचलेले होते, आणि मृतदेहही होते. वाचलेल्यांच्या अंगावर नौदलाने दिलेले कोरडे कपडे होते. बऱ्याच जणांकडे घरी फोन करायला फोन नव्हता. नंबरही पाठ नव्हता.

पेट्रोलियम मंत्रालयाने तीन जणांची चौकशी समिती नेमली. त्यात जहाजवाहतूक महासंचालक होते.

शुक्रवार, 21 मे पर्यंत.

मुंबईच्या यलोगेट पोलीस ठाण्यात बार्जच्या कॅप्टनविरुद्ध सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला. तक्रार मुख्य अभियंत्याची होती. कॅप्टन तेव्हा बेपत्ता होता. पुढच्या महिन्यात ओएनजीसीने आपले तीन वरिष्ठ अधिकारी निलंबित केले.

समुद्र मृतदेह परत देत होता. रायगडच्या किनाऱ्यावर काही आले. काही गुजरातमध्ये वलसाडच्या किनाऱ्यावर, हिरापासून दोनशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला. बऱ्याच जणांचे चेहरे ओळखता येत नव्हते. जे. जे. रुग्णालयाच्या शवागाराबाहेर नातेवाइकांचे डीएनएचे नमुने घेतले गेले. टाळेबंदीत, वेगवेगळ्या राज्यांतून आलेली माणसं होती ती.

त्या आठवड्याच्या शेवटी.

नौदलाच्या आयएनएस मकर या सर्वेक्षण जहाजाने सोनार लावून समुद्राच्या तळाशी ‘पी-305’ शोधला. पाणबुडे खाली गेले. बार्ज आणि ‘वरप्रदा’ टग मिळून 274 जण होते. 188 वाचले.

1 जूनला मासेमारी बंदी सुरू झाली. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या आणि कोरड्या तळावर गळती शोधायचं काम नेहमीप्रमाणे सुरू झालं.